हाताने गोधडी शिवताना मन निवण्याऐवजी चिडचिड होते, काय चुकतंय?

सुईदोरा_नागपूर:
झोपण्याआधी मोबाइल ठेवून द्यायचा आणि अर्धा तास धावदोरा (सुई वरखाली नेत घातलेले साधे टाके) घालायचा, म्हणजे डोकं शांत होईल, एवढाच हेतू आहे. कापड म्हणजे जुन्या सुती लुगड्याचे एकावर एक ठेवलेले चार पदर. दोरा भरतकामाच्या लडीचा, सहाही पदर एकत्र. सुई 9 नंबरची. पण दर दोन मिनिटांनी दोरा गुंततो, कापडाला चुण्या पडतात, मधलं बोट दुखतं. उठताना डोकं आधीपेक्षा जास्त तापलेलं असतं. आधी काय बदलू?

लुगड्याची_वाकळ:
ताई, आधी सुई बदला. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. 9 नंबरच्या नेढ्यात सहा पदर कोंबले की दोरा तिथे खरवडतो, त्याचे केस निघतात आणि गुंता तिथूनच सुरू होतो. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण 45 सेंमी दोरा कापा. त्यातला एकेक पदर वर ओढून सुटा करा. दोन-तीन एकदम ओढले की खाली गोळा होतो. मग तीन पदर जुळवून 7 नंबरच्या सुईत ओवा. 8 मीटरच्या लडीतून असे चौतीस-पस्तीस दोरे निघतात, त्यामुळे वाया जाण्याची भीती नको.

सारखं ओवायला नको म्हणून मीटरभर दोरा घेण्याचा मोह होतो, तो आवरा. नेढ्याजवळचा दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो, म्हणून लांब दोरा तिथेच विरतो. शिवता शिवता दोऱ्याला पीळही चढतो. दर आठ-दहा टाक्यांनी सुई हातातून सोडून लोंबू द्या. ती गरगर फिरते आणि पीळ उतरतो. हे बघत बसणं हीसुद्धा विश्रांतीच आहे, ते क्षण घाईत घालवू नका.

लुगड्यात खळ राहिली असेल तर गरम पाण्यातून काढा, नाहीतर सुई प्रत्येक पदराला अडेल.

बर्डीची_शिलाई:
चुण्या दोन कारणांनी पडतात. एक, कापडाचे पदर आधी टाचलेले नसतात. कापड पलंगावर सपाट पसरा आणि मधून बाहेरच्या दिशेने, वीत-वीत अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. दुसरं, दोरा गच्च ओढला जातो. सुईवर एका वेळी तीनच टाके घ्या, दोरा ओढा, मग शिवलेल्या ओळीवरून अंगठा सुईच्या दिशेने फिरवा. कापड अंगठ्याखाली सपाट लागलं पाहिजे. लागलं नाही तर दोरा तेवढा सैल करा.

श्वासाचं म्हणाल तर दोरा ओढताना सावकाश सोडायचा, बस. मोजत बसू नका. काहून तर मोजलं की मन पुन्हा हिशेबात शिरतं.

बोटासाठी अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी) घ्या, खळगे असलेलं, ज्या हाताने शिवता त्याच्या मधल्या बोटात घट्ट बसणारं. सुई चिमटीत दाबून रेटायची नाही, खळग्यात टेकवून ढकलायची. चार पदरांत अडकलीच तर सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने धरून ओढा, लगेच निघते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हात घामेजतात, त्यात कूलरची ओल. काम संपलं की सुई गोधडीतच खोचून ठेवू नका. तिला गंज चढला की कापडावर तांबडा डाग उमटतो, आणि तो धुऊनही सहज जात नाही.

सुईदोरा_नागपूर:
सुई आजच बदलते. वाकडे टाके उसवायचे का? आणि रोज किती ओळी?

इतवारीचं_रीळ:
ओळी धरूच नका, दोरा धरा. 6 मिमीचा टाका आणि तेवढंच अंतर धरलं तर गाठ आणि शेवटचं टोक सोडून 45 सेंमीत साधारण तीस टाके होतात. असे तीन दोरे संपले की उठायचं, ओळ अर्धी राहिली तरी. ‘ही ओळ पुरी करू’ म्हटलं की विसावा जातो आणि काम मागे लागतं.

वाकडा टाका राहू द्या. उसवायचा तो फक्त वर सुटलेला, ज्यात पायाचं बोट किंवा जोडवं अडकेल असा. उजव्या हाताने शिवत असाल तर दिवा डावीकडे हवा, मांडीवर उशी घेऊन काम वर आणा म्हणजे मान झुकणार नाही. रात्री गडद कापडावर गडद दोरा नको, डोळे ताणले की डोकं दुखणारच.

आणि एक मनापासून सांगतो. झोप न येणं, उदास वाटणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर सुईवर भिस्त ठेवू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीतही बोलतात. शिवण सोबत चालू ठेवा.