कणकवली ते गोंदिया, फक्त दिवसाच्या एसटीने (वय ७६ आणि ७०). टप्पे ठरवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलगी गोंदियाला असते. तिच्याकडे जायचंय, आणि या खेपेला एसटीनेच जायचं असं मी आणि सौ.ने ठरवलंय. अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा, पण रात्रीचा प्रवास नाही. सकाळी नाश्ता करून गाडीत बसायचं, दुपारी तीन-चारच्या सुमाराला उतरायचं, मुक्काम करायचा. गाव आवडलं तर एक दिवस जास्त राहायचं. घाई कसलीच नाही.

'कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियाला जाते की' हा सल्ला घरात सगळ्यांनी देऊन झाला आहे, त्यामुळे इथे नको. ती पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला अशी वरून फिरून जाते. सोलापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ हा मधला पट्टा तिच्या वाटेवर येतच नाही, आणि मला नेमका तोच बघायचा आहे. शिवाय रेल्वेने ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती अजून काही परत आलेली नाही. एसटीत मात्र २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट माफ आहे. फुकट आहे म्हणून निघालोय असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

नियम मला समजले ते असे. मी ७६ चा, म्हणजे 'अमृत ज्येष्ठ नागरिक'मध्ये. पूर्ण माफी, पण राज्याच्या हद्दीत आणि फक्त एसटी महामंडळाच्या गाड्यांत. शहरातल्या महापालिकेच्या बसला ती चालत नाही. सौ. ७० ची, तिला ६५ ते ७५ मधली अर्ध्या तिकिटाची सवलत, किंवा मार्च २०२३ पासूनची महिलांची अर्ध्या तिकिटाची. कुठलीही धरली तरी तिकीट अर्धंच. ती महिलांचीच घेणार म्हणते, कारण त्यात कंडक्टरला वय सांगावं लागत नाही!

नकाशा घेऊन बसलो तेव्हा ढोबळ मार्ग असा निघाला: कणकवली, कोल्हापूर, पंढरपूर, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया. तुळजापूरपासून पुढे औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर, हदगाव, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ असा नागपूरचा हमरस्ताच आहे, त्यामुळे गाड्या असणारच. आता शंका:

१) थोरल्या भावाची भेट घ्यायची म्हणून आधी सावंतवाडीला जाऊन तिथून आंबोली, आजरामार्गे कोल्हापूर गाठावं असं एक मनात आहे. पण त्या वाटेच्या काही गाड्या संकेश्वर, निपाणी अशा कर्नाटकातून फिरून येतात. मधला तुकडा दुसऱ्या राज्यातला असला की माझ्या माफीचं काय होतं? की सरळ फोंडा घाट, राधानगरी धरावं?

२) एकच लांब पल्ल्याची गाडी पकडून मध्ये उतरावं, की आगार ते आगार छोट्या गाड्या बदलत जावं? मला दुसरं पटतं, पण प्रत्येक ठिकाणी जागा मिळेल का याची धास्ती आहे. माझ्या गुडघ्यांना उभं राहणं जमत नाही.

३) नांदेड ते यवतमाळ हा टप्पा फार लांब वाटतो, दोनशे किलोमीटरच्या घरात. मध्ये मुक्कामाला बरं गाव कोणतं? उमरखेडला कुणी राहिलंय का?

४) हा प्रश्न लिहायला संकोच वाटतो पण लिहितो. मला दर दीड-दोन तासांनी जाऊन यावं लागतं. साध्या गाडीत कंडक्टरला सांगितलं तर थांबतात का, की टप्पाच तेवढा छोटा ठेवावा?

५) महिना कोणता? विदर्भातला उन्हाळा नको, पाऊस नको. दिवाळीची गर्दी ओसरली की निघावं असा विचार आहे.

सामान एक पाठीवरची पिशवी आणि एक चाकांची छोटी बॅग, एवढंच. औषधं पिशवीत.

आधीच आभार.

---

प्रतिसाद:

काका, बेत झकास आहे. दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे. छोट्या गाड्याच बदलत जा, पण गाडी त्याच आगारातून सुटणारी धरा. लांबून येणारी गाडी स्थानकात शिरते तेव्हा फलाटावरची माणसं खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी टाकून जागा धरतात. त्या झोंबाझोंबीत तुम्ही पडायचं नाही. तिथून सुटणारी गाडी मात्र फलाटाला आधी लागते, रिकामी असते, आरामात चढता येतं. चौकशी खिडकीवर 'पुढची गाडी किती वाजता' असं विचारू नका, 'इथून सुटणारी पुढची गाडी किती वाजता' असं विचारा. उत्तर वेगळं येतं.

बसताना पुढच्या अर्ध्यात बसा. मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट खड्ड्यात माणसाला उचलून आपटते. ज्येष्ठांसाठी राखीव जागा खिडकीवर लिहिलेली असते. तिथे तरणाबांड कुणी बसला असेल तर स्वतः भांडू नका, कंडक्टरला सांगा.

आणि फुकट असलं तरी तिकीट मागून घ्याच. मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघतं. त्या तिकिटांच्या हिशेबावरच सरकार महामंडळाला पैसे भरून देतं, आणि तपासणीस चढला तर तुमच्या हातात तिकीट हवं. ओळखपत्र मूळ ठेवा. जुन्या काही आधार कार्डांवर पूर्ण जन्मतारीख नसते, नुसतं जन्माचं वर्ष असतं. तुम्ही ७६ चे म्हणजे अडचण नाही, पण पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी ते आधी बघून घ्यावं.

---

प्रतिसाद:

मी कोल्हापूरचा. फोंडा घाट, राधानगरीच धरा. ती वाट पूर्ण महाराष्ट्रातली, म्हणजे हद्दीचा प्रश्नच उरत नाही. सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे हे तुम्ही लिहिलंच आहे. मधल्या तुकड्यावरून गाडीत कंडक्टरशी हुज्जत घालण्यापेक्षा भावाला भेटून परत कणकवलीला या आणि दुसऱ्या दिवशी निघा. राधानगरीकडे चढताना झाडी आहे, रस्ता वळणांचा आहे. वहिनींना गाडी लागत असेल तर पुढे बसवा.

कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक रेल्वे स्टेशनच्या जवळच आहे, आजूबाजूला लॉज भरपूर. इथून सांगलीला सारख्या गाड्या असतात. त्यातली एखादी विनावाहक असेल तर तिकीट चढण्याआधी खाली काढावं लागतं, गाडीत कंडक्टर नसतो. ओळखपत्र तिथेच दाखवायचं. सांगली किंवा मिरजेहून कवठे महांकाळ, सांगोला करत पंढरपूर. सांगोल्याला उतरून पाय मोकळे करा.

मुक्कामासाठी पंढरपूर उत्तम. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची तिथे शाखा आहे, भक्तनिवास आहे, स्वच्छ असतो. फक्त आषाढी-कार्तिकीच्या आसपास तिथे जाऊ नका. कार्तिकी दिवाळीनंतर लगेच येते, हे तुमच्या पाचव्या प्रश्नाशी जोडून बघा.

---

प्रतिसाद:

उमरखेडला राहू नका असं नाही म्हणत, पण काका, तुमच्या मार्गाकडे जरा नीट बघा. कोल्हापूर, तुळजापूर… आणि माहूर? महागाव-आर्णीच्या रस्त्यापासून माहूर फार आत नाही. साडेतीन पीठांतली तीन पूर्ण पीठं तुमच्या वाटेवर आहेत आणि तुम्ही तिसरं सोडून चाललात! नांदेडहून माहूरला गाडी आहे, जिल्हा तोच. माहूरला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी आर्णीमार्गे यवतमाळ. तुमच्या त्या दोनशे किलोमीटरचे आपोआप दोन भाग पडतात. देवळाला पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा विचार करून सकाळी उन्हाआधी चढा. नाही जमलं तर खालूनच नमस्कार, रेणुकामाता समजून घेईल.

नांदेडला मात्र दोन रात्री राहा. गुरुद्वाऱ्याचं यात्री निवास आहे, लंगरमध्ये जेवण आहे, आणि गोदावरीचा घाट आहे. इतक्या प्रवासानंतर एक दिवस गाडीचं तोंड बघायचं नाही, हे शरीराला लागतं.

तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. एरवी सोलापूरहून पंचेचाळीस किलोमीटर आहे, सारख्या गाड्या. तिथून लातूरला जाताना औशाला किल्ला दिसतो.

---

प्रतिसाद:

चौथ्या प्रश्नाबद्दल, कारण मलाही तोच त्रास आहे आणि कुणी उघड बोलत नाही. साधी गाडी दर थोड्या अंतरावर थांबते, पण तो थांबा अर्ध्या मिनिटाचा. चढतानाच कंडक्टरला हळू आवाजात सांगून ठेवा: 'मला मध्ये एकदा उतरावं लागेल, कुठे जमेल ते सांगा.' तालुक्याच्या स्थानकात गाडी नोंद करायला थांबते तिथे तो स्वतः हाक मारतो. उतरताना गाडीचा नंबर बघून उतरा आणि सोबतच्याला जागेवर बसू द्या, दोघांनी एकदम उतरू नका. टप्पा दीड तासाच्या वर जाणार असेल तर मी मधल्या गावाचंच तिकीट काढतो आणि तिथे गाडी बदलतो. तुम्हाला तर तिकिटाचा प्रश्नच नाही. वहिनींच्या तिकिटात तुकडे पाडल्याने किरकोळ फरक पडेल, कारण भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात.

पाणी पिणं बंद करू नका. आपल्या वयाची माणसं प्रवासात तेच करतात आणि संध्याकाळी चक्कर येऊन बसतात.

महिन्याबद्दल: डिसेंबरात शाळांच्या सहली असतात आणि त्यांना एसटीच्याच गाड्या जातात, त्यामुळे आगारात नेहमीच्या फेऱ्यांना ओढाताण होऊ शकते. जानेवारीचा दुसरा पंधरवडा मला बरा वाटतो. सकाळी यवतमाळ-वर्ध्याकडे चांगली थंडी असते, कानटोपी ठेवा.

---

प्रतिसाद:

गोंदियाकरांकडून स्वागत! नागपूरला गणेशपेठच्या मुख्य स्थानकावर पोचाल. तिथून भंडारा, आणि पुढे दोन वाटा आहेत: तुमसर-तिरोडामार्गे किंवा साकोलीमार्गे. साकोलीची वाट मोठ्या महामार्गावरून बरीच पुढे जाते, रस्ता रुंद. तुमसर-तिरोड्याची गावागावातून जाते, धानाची शेती दोन्हीकडे दिसते. तुम्हाला बघायचंच आहे तर तिरोडा. भंडाऱ्याला उतरून चौकशी करा, नागपूरहून थेट गाडीचा हट्ट धरू नका.

वर्ध्याला एक रात्र ठेवलीत तर सेवाग्राम अगदी जवळ आहे. बापू कुटी सकाळच्या वेळी शांत असते.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. सौ.ला माहूरचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हापासून बाकी कुठल्याही गावाचा विषय निघत नाही. त्यामुळे माहूर पक्कं. सावंतवाडीहून आंबोलीमार्गे जायचा विचार सोडला, भावालाच कणकवलीला बोलावतो.

आता ठरलं ते असं: जानेवारीत संक्रांत झाली की निघायचं. कणकवलीहून फोंडामार्गे कोल्हापूर, मुक्काम. मग सांगली बदलून पंढरपूर, मुक्काम. सोलापूर बदलून तुळजापूर. वार बघून तिथे एक रात्र, नाहीतर सोलापुरातच राहून सकाळी दर्शन. लातूरला एक रात्र, नांदेडला दोन. माहूर. यवतमाळला नुसती गाडी बदलून वर्धा, आणि सेवाग्रामसाठी एक दिवस. नागपूरला थांबणार नाही, मोठ्या शहरात मला सुचत नाही. थेट भंडारा, आणि दुसऱ्या दिवशी तिरोड्यावरून लेकीकडे. परतीला मात्र ती महाराष्ट्र एक्सप्रेस, तेवढं मुलांचं ऐकतो.

एकच राहिलं. माहूरला मुक्कामाची सोय गावात बसस्थानकाजवळ बरी की गडाच्या बाजूला? सकाळी लवकर वर जायचंय आणि दहाच्या आत आर्णीची गाडी धरायचीये. आणि माहूरहूनच सुटणारी, यवतमाळकडे जाणारी सकाळची गाडी कुणाला ठाऊक असेल तर वेळ सांगा. तिथल्या आगारात फोन करणारच आहे, पण इथल्या कुणी अलीकडे प्रवास केला असेल तर जास्त खात्रीचं.