मदत हवी आहे: शाईच्या चित्राचं रसग्रहण, उद्या सबमिशन

खडूधूळ: उद्या अकराला सबमिशन आहे आणि दोनच ओळी झाल्यात. लष्करी अधिकाऱ्यांचं शाईचं चित्र, त्यातलं सामाजिक भाष्य उलगडायचंय. 'युद्ध वाईट' याच्या पुढं गाडी सरकत नाहीये. कुणीतरी सुरुवात करून द्या, अर्जंट.

कृष्णाकाठ: कुठलं चित्र? कुणाचं? फोटो तरी टाका.

पोवईनाका: शाई वॉटरप्रूफच घ्या, साधी पेनाची शाई वॉश (पाणी घालून पातळ केलेला रंग) मारला की फुटते. कागद जाड कार्ट्रिज.

खडूधूळ: काढायचं नाहीये हो, लिहायचंय! जॉर्ज ग्रोस, जर्मन, १९१६-१७. डॉक्टर सांगाड्याला तपासून लढायला फिट म्हणतोय ते.

माजीफौजी: मी अपशिंग्याचा. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत जातात. अधिकाऱ्यांची टवाळी पोरांना शिकवायची कशाला?

कृष्णाकाठ: काका, टवाळी जवानाची नाहीच. ग्रोस स्वतः १९१४ ला आपणहून भरती झालेला, १९१५ ला सुटला, १९१७ ला परत बोलावलं, मग मनोरुग्णालय आणि शेवटी कायमचा अनफिट, म्हणजे तो तपासणीचा खेळ त्याने अंगावर झेललाय. पुढं हेच चित्र छापलेल्या संचावरनं सैन्याचा अपमान केला म्हणून खटला झाला, १९२१ ला ३०० मार्क दंड.

औंधकर: सगळ्यांनी एकदा औंधचं भवानी संग्रहालय बघाच, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी काय काय जमवलंय!

खडूधूळ: औंध नंतर, प्लीज. रेषेबद्दल सांगा ना कुणीतरी.

कृष्णाकाठ: रेषा सुईसारखी बारीक, छाया जवळपास नाहीच. डॉक्टर आणि अधिकारी गुबगुबीत, त्यांच्यात सांगाडा नुसती हाडं. डॉक्टरने त्याला नळी लावलीय बघ, छाती ऐकायला. ऐकायला आहे काय तिथं?

माजीफौजी: भरतीचं मेडिकल मी दिलंय. छाती फुगवून मोजतात, दात बघतात, पाय सपाट निघाला की घरी. सांगाडा कोण पास करील? पण माणसं संपत आली की निकष खाली येतात, हे मला पटतं. आमच्या गावात पहिल्या महायुद्धाचा स्मृतिस्तंभ आहे. पोरा, हेही लिही.

खडूधूळ: लिहितो काका. आणि आत्ता झूम करून बघितलं, पुढचे दोन अधिकारी सांगाड्याकडं बघतच नाहीयेत, आपल्या गप्पांत आहेत! मला तर डॉक्टरपेक्षा हेच जास्त लागलं, सुरुवात इथनंच करतो. मागं खिडकीतनं कारखान्यांची धुराडी दिसतायत, त्यांचं काय लिहू?