शब्दचर्चा: 'पांढरं पीस' मराठीत कसं आणायचं?

निशिगंधा: एक इंग्रजी कथा मराठीत आणतेय. इंग्लंड, १९१४. रस्त्यात साध्या कपड्यांतला तरुण दिसला की बायका त्याच्या हातात पांढरं पीस ठेवायच्या. म्हणजे लढायला गेला नाहीस, भ्याड आहेस. फोकस्टनला एका निवृत्त ॲडमिरलने ऑगस्टमध्ये हे सुरू केलं. मी 'बांगड्यांचा आहेर' लिहिलं, संपादकांनी काट मारली.

गावठी कोंबडा: पीसच ठेवा. झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटीत पांढरं पीस दिसलं की तो अस्सल वाणाचा नाही, पळणार, अशी तिकडची समजूत. तळटीप द्या की.

निशिगंधा: प्रसंग ट्राममधला, अर्ध्या मिनिटात संपतो. तळटीप त्याहून लांब होईल.

रानवारा: संपादकांचं बरोबर. बांगड्या म्हणजे बाईलाच भित्री ठरवणं, आणि इथे तर देणारीच बाई! आमच्या आजीने बांगड्या भरल्या हातांनीच गोठ्यातला साप मारला होता.

जुनापुराणा: शेपटावरून आठवलं. 'कॉवर्ड'च्या मुळाशी लॅटिनमधलं शेपूटच आहे. आपलं 'शेपूट घालणे' आयतं बसतं. भित्री भागूबाईसुद्धा पळण्यावरूनच, भागना.

रानवारा: ती हिंदी झाली. मराठीत भागणे म्हणजे दमणे. भागू हे भागीरथीचं लाडकं रूप. आमच्या आळीतल्या भागूबाईंना तर पोस्टमनही वचकून असे.

पोटोबा: मॅकबेथ घाबरलेल्या नोकराला 'लिली-लिव्हर्ड', म्हणजे लिलीच्या फुलासारख्या पांढऱ्या यकृताचा, म्हणतो, त्याचं कुणी 'भेकड' करून टाकतात तेव्हा हळहळ वाटते. सरळ 'पांढऱ्या काळजाचा' म्हणा! काळीज म्हणजे यकृतच.

शुद्धमती: काळीज म्हणजे हृदय. काळजाचा ठोका चुकतो, यकृताला ठोके असतात का?

पोटोबा: मटणवाल्याकडे पाव किलो काळीज मागून बघा, काय देतो ते.

शुद्धमती: आता खाटकाची मराठी प्रमाण मानायची?

पोटोबा: तो रोज हातात धरून कापतो हो. कवी नुसते विंधतात.

गावठी कोंबडा: 😄 पण कोकणात आमच्याकडे

शुद्धमती: कोकणाचं मध्येच काय! शब्दकोश कशाला असतात मग?

निशिगंधा: मंडळी, पिसाचं? पुढे तो ते टोपीत खोचून घरी जातो. बांगडी खोचता येत नाही, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

पोटोबा: रविवारी दुकानात जाणारच आहे, विचारून येतो. काळजाचं म्हणतोय मी.