दिद्दा राणी: खरं किती आणि मसाला किती?

सह्याद्रीवाला:
घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की काश्मीरच्या दिद्दा राणीने, जी एका पायाने अधू होती, गझनीच्या महमूदला दोनदा हरवलं. यूट्यूबवर बघावं तर तिलाच चेटकीण, नातवांना खाणारी बाई वगैरे म्हणतायत. नक्की काय मानायचं? आणि तिकडे बायका खरंच एवढ्या सत्तेत होत्या की ही एकटीच?

जुनी_वही:
महमूदचं सोडून द्या. बाई 1003 ला गेल्या, आणि महमूद काश्मीरच्या लोहकोट किल्ल्याखाली अडकला तो 1015 ला आणि परत 1021 ला, तेव्हा गादीवर तिचा भाचा संग्रामराज होता. आता भाचा तिनेच निवडला होता हे खरं, राजतरंगिणी हा काश्मीरच्या राजांचा इतिहास लिहिणाऱ्या कल्हणाने भारी किस्सा दिलाय, तिने सगळ्या भाच्यांपुढे फळं टाकली आणि बघत बसली, बाकीचे एकमेकांना बडवत राहिले आणि यानेच त्यांना आपसात भिडवून, स्वतःला खरचटूही न देता सगळ्यात जास्त फळं उचलली. बाईंना असाच माणूस पाहिजे होता.

नातवांचं म्हणाल तर नवरा क्षेमगुप्त 958 ला गेला, ही सती जायला निघालेली, नरवाहन मंत्र्याने अडवलं. मुलगा अभिमन्यू लहान, त्यामुळे कारभार हिच्याकडे. तो 972 ला गेला आणि मग तीन नातू एकामागून एक, 980 पर्यंत तिघंही संपले, पुढची तेवीस वर्षं ती स्वतःच्या नावाने राज्य करते. कल्हण दोघांच्या बाबतीत सरळ चेटूक म्हणतो, पण तो लिहितोय 1148 च्या सुमारास, म्हंजे दीडशे वर्षांनी. मला विचाराल तर चेटूक बाजूला ठेवा, खून मात्र झटकता येत नाहीत. फक्त या खुनांच्या चाळीसेक वर्षं आधी उन्मत्तावंती राजाने स्वतःच्या बापाला मारवलं, सावत्र भावांना उपाशी मारलं, कल्हण त्यालाही सोडत नाही, पण तिथे पुरुषजातीवर प्रवचन नाही. दिद्दाच्या वेळी मात्र गाडी लगेच बायकांच्या स्वभावावर घसरते. तरी तोच लिहितो की जिला गाईच्या खुराएवढा खड्डा ओलांडता येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, ती शत्रूंचा समुद्र हनुमानासारखी ओलांडून गेली.

एकटी नाही हो. तिच्याआधी सुगंधाने 904 ते 906 राज्य केलं, तिची नाणीसुद्धा सापडलीत.

रेवती_पुणे:
राण्या राण्याच करत बसलात सगळे. लल्लेश्वरीचं नाव काढा की, चौदावं शतक, लल द्यद म्हणतात तिकडे. सासू म्हणे ताटात दगड ठेवून वर भाताचा थर द्यायची म्हणजे ताट भरलेलं दिसावं, आणि हिने तोंडातून ब्र काढला नाही. मग घर सोडलं आणि वाख म्हणजे चार ओळींची पदं म्हणत फिरली. तिचे वाख शेकडो वर्षं नुसते तोंडातोंडी टिकलेत, ग्रिअर्सन या इंग्रज भाषापंडिताने 1920 ला छापले तेही एका म्हाताऱ्या पंडिताच्या पाठांतरावरून. हिंदू मुसलमान दोघंही तिला आपली म्हणतात. आपली जनाबाई साधारण त्याच काळातली, आणि दोघींच्या सासर/मालकाच्या घरातल्या कामाचा घाम ओळीत येतो.

अजून एक, पश्मिना शाल म्हटलं की विणकराचं नाव येतं, तो पुरुष. पण सूत? ते घरोघरी बायका येंदरवर म्हंजे त्यांच्या चरख्यावर काततात, आणि इतकं बारीक की यंत्राला झेपत नाही म्हणतात. मजुरी मात्र सगळ्यात कमी तिथेच. त्यांची नावं कुठल्या राजतरंगिणीत नाहीत.

बंडू_७९:
1947 विसरू नका कुणी! ऑक्टोबरमधे पाकिस्तानातून पठाण टोळीवाले बारामुल्ल्यापर्यंत आले तेव्हा श्रीनगरमधे बायकांचं पथक उभं राहिलं, रायफल चालवायला शिकल्या, पंडित मुसलमान सगळ्या एकत्र. त्यात जूनी गुज्जरी म्हणून दूध विकणारी बाई होती. नॅशनल कॉन्फरन्सच्या 1944 च्या नया कश्मीर जाहीरनाम्यात बायकांच्या हक्कांचा वेगळा भाग होता, कागदावर तरी.

सह्याद्रीवाला:
बाप रे, एवढं अपेक्षित नव्हतं. ग्रुपवर तारखा टाकल्या तर काका म्हणतात कल्हण काँग्रेसी होता. सुगंधाबद्दल अजून कुणाला माहितीय का, तिला हटवलं कुणी?

जुनी_वही:
तंत्रिन नावाचे पायदळवाले. गादीवर कोण बसणार ते हेच ठरवायचे. नंतर 914 ला ती परत आली फौज घेऊन, हरली, पकडून मारली. काकांना माझा नमस्कार सांगा.