ओळखीत 5,000 ला दिलेली कीबोर्डची कॅप सोळाव्या दिवशी 14,000 ला विक्रीला. चूक कोणाची?

खटखटराव
चार दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतो. ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मेकॅनिकल कीबोर्डवर एस्केपच्या जागी बसवायला हातानं घडवून रेझिनमध्ये ओतलेली एकच कॅप, म्हणजे बटणावरचं टोपण, मिळते. तिला आर्टिझन म्हणतात. मेकर एका रंगाच्या मोजक्याच काढतो आणि मागणारे ढीगभर, त्यामुळे बहुतेक वेळा सोडत असते. नाव लागलं तरच पैसे भरून घ्यायची.

माझ्याकडे अशी एक धुरकट निळी कॅप होती. व्हिएतनामहून हातात येईपर्यंत पोस्ट आणि कस्टम धरून 5,200 पडली. गेल्या महिन्यात प्रभात रोडला एका कॅफेत आम्ही दहा-बारा जण आपापले कीबोर्ड घेऊन जमलो होतो. तिथे एक पोरगा ती कॅप हातातून सोडेना. म्हणाला, "दादा, पहिलाच कीबोर्ड बांधतोय, एस्केपला अशीच हवी होती." मी दोनशेची खोट खाऊन 5,000 ला दिली. वर तिची डबीही दिली. सोळाव्या दिवशी तीच कॅप विक्रीला, 14,000! फोटोही मी त्याला पाठवलेलाच. मागे आमच्या टेबलक्लॉथची नक्षी दिसतेय.

वस्तू त्याची झाली, मान्य. पण तो भाव मी त्या पोराला दिला होता, बाजाराला नाही. 14,000 ला विकायची अक्कल मलाही होती.

डावा_शिफ्ट
राव, विकली म्हणजे विकली. जुन्या बाजारात पितळी समई देऊन टाकणारा माणूस पुढच्या रविवारी तुमच्या घरी येऊन "कुठे ठेवलीय बघू" म्हणतो का? अट होती तर तेव्हाच घालायची. "विकायची झाली तर आधी मला विचार." सहा शब्द. तेव्हा जीभ जड झाली आणि आता इथे एवढं पुराण.

शिवाय 14,000 मागितले म्हणजे मिळाले असं नाही. 2020-21 मध्ये घरी बसून लोकांनी भाव आभाळाला नेले, पुढे ते खाली आले. चढ्या भावात अडकलेल्यांना तेव्हा कोणी भरपाई दिली? बुडाला तर त्याचं नशीब आणि कमावलं तर पाप, हा कुठला न्याय?

कंट्रोलझेड
जुन्या बाजाराचा दाखला इथे लागू नाही. तिथे दोघेही घासाघीस करायलाच आलेले असतात. इथे पोरानं "पहिला कीबोर्ड" सांगून भाव उतरवून घेतला. ही घासाघीस नव्हे, थाप आहे. आवळा देऊन कोहळा काढला, आणि आवळासुद्धा गोड बोलण्याचाच.

आपला सगळा व्यवहार विश्वासावर चालतो हे विसरू नका. पेपॅलनं भारतातल्या भारतात पैसे पाठवायची सोय 1 एप्रिल 2021 पासून बंद केली. आता उरलं यूपीआय. त्यात एकदा पैसे गेले की समोरच्यानं मनावर घेतलं तरच परत यायचे. आपल्या हातात पुरावा काय, तर चिठ्ठीवर नाव-तारीख लिहून कॅपशेजारी ठेवून काढलेला फोटो. तरी आपण अनोळखी माणसाला हजारो रुपये पाठवतो, कारण कोण चोख आणि कोण नाही हे चार लोकांना माहीत असतं. अशा ठिकाणी 14,000 काय, 12,000 सुद्धा लूटच आहे.

माझं मत विचाराल तर म्हाडासारखं करावं. सोडतीत लागलेलं घर पाच वर्षं विकता येत नाही, तशी कॅप निदान वर्षभर विकायची नाही. मेकरनंच अट घालावी.

डावा_शिफ्ट
आणि बघणार कोण? घर निदान रजिस्ट्रेशनला जावं लागतं. कॅप खिशात मावते.

रेझिनवाली
मेकरनं अट घालावी म्हणताय म्हणून बोलते. मी सिंहगड रोडला घरच्या बाल्कनीत ओतते, छोटा कारभार आहे. आधी मातीत आकार घडवायचा, त्याचा सिलिकॉनचा साचा, मग रंग कालवून रेझिन, मग बुडबुडे दाबायला प्रेशर पॉट. खालच्या दांडीचं फुलीचं भोक जरा सैल झालं तर कॅप स्विचवर, म्हणजे तिच्याखालच्या दाबायच्या भागावर, डुगडुगते, जरा घट्ट झालं तर काढताना स्विचचाच जीव जातो. साचाही कायमचा नसतो. माझा पंचविसेक वेळा ओतलं की कडा सोडायला लागतो. "जास्त काढा म्हणजे भाव उतरेल" म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघा. त्यातून पावसाळ्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतायचं म्हणजे शिक्षा. हवेतला ओलावा त्याला लागला की आत गॅस होतो आणि कॅपचा पाव होतो. जून ते सप्टेंबर मी जवळपास बंदच ठेवते.

आता भावाचं. माझी 1,800 ची कॅप एकानं 6,000 ला विकली. पहिल्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, इतका आनंद. दुसऱ्या दिवशी पोटात जळायला लागलं. मधल्या 4,200 मधला एक रुपया माझ्याकडे आला नाही. म्हणून पुढच्या खेपेला 2,500 लावले, तर फ्लिपरला, म्हणजे घेऊन लगेच चढ्या भावानं विकणाऱ्याला, शिव्या घालणारेच मला म्हणाले, ताई, तुम्हीपण कमर्शियल झालात! तेव्हापासून या विषयावर मी कोणाचीच बाजू घेत नाही. वर गेलेल्या भावामुळे माझं नाव चार जणांना कळलं हेही खोटं नाही.

मला खरा राग आहे तो नकला ओतणाऱ्यांचा. माझ्या कॅपवरून साचा काढून कोणीतरी विकल्या. नकलेवरून नक्कल निघाली की कडा बोथट होतात आणि कॅप किंचित लहान भरते. शेजारी ठेवली तरच कळतं. फ्लिपर निदान माझीच वस्तू विकतो.

हिशोबी_काका
एक तांत्रिक शंका. आयकर कायद्यात स्वतःच्या वापरातल्या जंगम वस्तूंना भांडवली मालमत्तेतून वगळलंय, पण त्यातून दागिने, चित्रं, शिल्पं आणि कुठलीही कलाकृती पुन्हा आत घेतलीय. म्हणजे कॅपला बटण म्हणालात तर एखादीच्या नफ्यावर कर नाही, शिल्प म्हणालात तर आहे. आणि दर महिन्याला विकत बसलात तर तो धंदाच. विकताना "कलाकृती" असं लिहिणाऱ्यांनी शब्द जपून वापरावेत.

डावा_शिफ्ट
काका, पोरगा आधीच घाबरलाय.

नवखा60
घाबरलो नाही. तो पोरगा मीच. टेबलक्लॉथ दिसतोय म्हटल्यावर लपून काय उपयोग. फोटो तुमचा वापरला ही माझी चूक, सॉरी दादा, काढून टाकलाय.

पण थाप मारली नाही. पहिला कीबोर्ड बांधतोय हे खरंच होतं. केस आली, पीसीबी म्हणजे आतला सर्किट बोर्ड आला, स्विचला पैसे संपले. कॅफेतून निघतानाच जिन्यात एकानं विचारलं होतं, "देणार असशील तर 10 देतो." तेव्हा नाही म्हटलं. तो माणूस इथे वाचतोय, नाव घेत नाही. पंधरा दिवस एस्केपला निळी कॅप आणि बाकीची 60 बटणं गायब, असा कीबोर्ड टेबलावर पडून होता. रूममेट हसायचा. शेवटी 14 लिहिले, 12 वर ठरलं. त्यात स्विच, लांब बटणांखालचे स्टॅबिलायझर आणि साधा का होईना कॅपचा पूर्ण सेट आला. हे त्याच कीबोर्डवर टाइप करतोय.

दादा, तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. ते राहिलं. पण एक विचारू का? तुम्हीच त्या दिवशी सांगत होता की सोडतीत तुमचं, वहिनींचं आणि बाबांचं अशी तीन नावं टाकली, म्हणून लागली. बाबा कीबोर्ड वापरतात?

खटखटराव
बाबांच्याच नावावर लागली होती, खरं आहे. पण सगळेच टाकतात रे.

डावा_शिफ्ट
"सगळेच टाकतात." याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.

कंट्रोलझेड
विषय भरकटवू नका. तीन नावं टाकणं वेगळं आणि तिप्पट भाव लावणं वेगळं.

रेझिनवाली
वेगळं कसं? एका पत्त्यावरून तीन नावं आली तर मी तिन्ही बाद करते. दिवाळीत माझी सोडत आहे, आत्ताच सांगून ठेवते.

खटखटराव
ताई, कळलं. यंदा एकच नाव टाकेन.
नवखा, रागावून लिहिलं, तुझं ऐकून घ्यायला हवं होतं. ती कॅप दिलीस का अजून? नसेल दिली तर मलाच दे परत. 8,000 देतो, वर माझ्याकडचे ल्यूब केलेले, म्हणजे वंगण लावलेले, जादा स्विच. डेक्कनला भेटू.

नवखा60
काल गेली, दादा. आता कंट्रोलझेडना विचारा.