जुना सर्व्हर जसाच्या तसा व्हीएममध्ये (सॉफ्टवेअरने बनवलेल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) घ्यायचाय, निळ्या स्क्रीनवर अडकलोय

यंत्रमाग_इचल
ऑफिसात जुना टॉवर सर्व्हर आहे, विंडोज सर्व्हर २०१२ आर२, त्यावर अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, त्याचं यूएसबी डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची किल्ली) आणि सगळ्यांचं शेअर फोल्डर. हार्ड डिस्क आता कटकट आवाज करतेय. नवीन मशीन आणलंय, ६४ जीबी रॅम, त्यावर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी सिस्टीम) टाकलंय. सॉफ्टवेअर नव्याने बसवणारा माणूसच सापडत नाही, म्हणून अख्खा सर्व्हर उचलून व्हीएम करायचाय. डिस्कटूव्हीएचडी या टूलने डिस्कची इमेज, म्हणजे अख्खी नक्कल, काढली, व्हीएमला जोडली, तर निळा स्क्रीन, इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. इमेजच खराब निघाली का?

केव्हीएम_काका
इमेज बहुतेक ठीक असणार. डिस्क तुम्ही व्हर्टआयओवर (व्हीएमसाठीचा खास आभासी कंट्रोलर) जोडली असेल, आणि त्या विंडोजकडे तो ड्रायव्हरच नाही, मग बूट होताना स्वतःची डिस्क त्याला दिसणार कशी? आधी डिस्क साटावर (नेहमीच्या डिस्क कंट्रोलरवर) जोडा, चालू होईल. मग व्हर्टआयओच्या आयएसओमधून (ड्रायव्हरच्या सीडीची फाइल) ड्रायव्हर टाका (२०१२ला आयएसओची जुनी आवृत्ती बघा), एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर जोडून एकदा बूट करा म्हणजे ड्रायव्हर लोड होतो, आणि मगच मुख्य डिस्क तिकडे हलवा. बूट ऑर्डर बघायला विसरू नका. जुनी डिस्क एमबीआर (जुन्या पद्धतीची पार्टिशन रचना) असेल तर व्हीएमचं बायोस सीबायोसच (जुन्या पद्धतीचं) ठेवा, यूईएफआय (नव्या पद्धतीचं) निवडलंत तर बूटच होणार नाही.

नेटवर्कताई
त्याआधी एक, आवाज करणाऱ्या डिस्कवरचा अकाउंटिंगचा डेटा आजच बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा, इमेज नंतर. डोंगल नवीन मशीनला लावून व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये यूएसबी डिव्हाइस म्हणून जोडा. आणि जुना सर्व्हर आणि व्हीएम एकाच वेळी नेटवर्कवर चालू ठेवू नका, नाव तेच, आयपी तोच, दोन्ही एकमेकांना भिडतात आणि लोक कुठल्या फाइलवर काम करतायत तेच कळत नाही.

यंत्रमाग_इचल
काका, साटावर लगेच उठला! डेटा कॉपी केलाय, डोंगलही दिसतंय. फक्त जुना आयपी द्यायला गेलो तर म्हणतो दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे, पण दुसरं कार्ड तर दिसतच नाही.

नेटवर्कताई
ते जुन्या मशीनचं नेटवर्क कार्ड, रजिस्ट्रीत राहिलंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू, शो हिडन डिव्हायसेस, फिकट दिसणारं कार्ड अनइन्स्टॉल करा आणि मग आयपी द्या.

केव्हीएम_काका
छान झालं. आता लायसन्स बघा, सर्व्हरसोबत ओईएम आलं असेल तर ते त्याच हार्डवेअरला बांधलेलं असतं, व्हीएमसाठी वेगळं घ्यावं लागेल. २०१२ आर२चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३लाच संपलाय, त्यामुळे रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका. आणि स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती) घेतला म्हणजे बॅकअप झाला असं अजिबात धरू नका, तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेले. प्रॉक्समॉक्सचा रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर लावा आणि त्यातून एक व्हीएम रिस्टोअर करून चालते का ते बघा. महिनाअखेरीचे हिशोब व्हीएमवर नीट निघेपर्यंत जुन्या सर्व्हरची डिस्क पुसू नका, नुसता बंद करून ठेवा.