मजूर अड्ड्यावरचे जेवण: फुकट वाटावे की माफक दरात द्यावे?

प्रश्न (वारजे, पुणे)

आमच्या सोसायटीतील आम्ही अकरा जण गेल्या दिवाळीपासून दर रविवारी सकाळी जवळच्या मजूर अड्ड्यावर खिचडी वाटतो. साधारण सव्वाशे माणसे जेवतात. एरवीच्या दिवशी हेच लोक चहा-बिस्किटांवर दुपार काढतात आणि ज्याला काम मिळाले नाही, तो संध्याकाळपर्यंत उपाशीच असतो. वाटप रोज करावे, असा काहींचा आग्रह आहे; तेवढी वर्गणी जमणार नाही, असे खजिनदार म्हणतात. पैसे घेऊन जेवण दिले तर तो धंदा ठरेल का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ (भवानी पेठ)

ठरला धंदा, तर बिघडले कुठे? बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ मध्ये पुण्यात ‘कष्टाची भाकर’ ही खाणावळ सुरू केली, ती दानधर्म म्हणून नव्हे, तर ना नफा ना तोटा या तत्त्वावर, आणि तीही कष्टकऱ्यांच्याच संघटनेने. तिथे हमालाच्या शेजारी रिक्षावाला आणि विद्यार्थीही जेवायला बसतो, त्यामुळे ताट घेणाऱ्याकडे ‘बिचारा’ म्हणून कोणी पाहत नाही. तुमची खिचडी एखाद्या रविवारी खारट झाली, तर सव्वाशेपैकी किती जण तसे बोलून दाखवतात? पैसे मोजलेला माणूस पहिल्या घासाला बोलतो, आणि स्वयंपाक त्यामुळेच सुधारतो.

स्वयंपाक सोसायटीतच व्हावा, हा हट्टही सोडावा. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात अडकलेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. स्वयंपाक त्या आधीपासून उत्तमच करत होत्या, अडले होते ते भांडवलापाशी. तुमच्या शेजारच्या वस्तीतही भाकऱ्या थापून देणाऱ्या बायका असतील. पीठ, गॅस आणि पहिल्या दोन महिन्यांचा तोटा तुम्ही उचला. बाकीचे त्यांच्यावर सोपवा.

उत्तर २ (येरवडा)

वरील मताशी मी बराचसा सहमत आहे. मात्र रेशनचे काय, हे कोणीच विचारलेले नाही. अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील (म्हणजे रेशनसाठी पात्र ठरवलेल्या गरजू कुटुंबातील) प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो धान्य मिळते आणि ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे गावाकडच्या कार्डावरचे धान्य इथल्या दुकानातही उचलता येते. आपला वाटा इथे घेऊन उरलेला कुटुंबासाठी गावी ठेवता येतो. अड्ड्यावरच्या अनेकांना हे ठाऊकच नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांच्यापैकी काहींची बोटे सिमेंटने इतकी झिजलेली असतात की यंत्रावर ठसा उमटत नाही, आणि दुकानदार त्यांना ‘उद्या या’ म्हणतो. तो उद्या म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी. तुमच्यापैकी दोघांनी महिन्यातून एक सकाळ अशा माणसांसोबत दुकानात जाऊन उभे राहावे. खिचडीइतकेच ते उपयोगाचे ठरेल. अर्थात, पदपथावर झोपणाऱ्याकडे चूल नसते, त्यामुळे तयार जेवणाची गरज उरतेच.

उत्तर ३ (कोथरूड)

एक सावधगिरी. रोजचे वाटप म्हटले की कोणीतरी मंगल कार्यालयातील उरलेल्या अन्नाची कल्पना मांडतोच. त्यासाठी केंद्र सरकारची २०१९ ची नियमावली आहे आणि वाटप करणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. नियम बाजूला ठेवले तरी रात्री अकराला उचललेला मसालेभात सकाळी सातला अड्ड्यावर नेऊ नये. उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

प्रश्नकर्ते

सर्वांचे आभार. काल अड्ड्यावर विचारले, तेव्हा बहुतेकांनी वीस रुपयांत दोन भाकऱ्या आणि पिठले मिळाले तर रोज घेऊ, असे सांगितले. एका वयस्कर गवंड्याने वर एक अटही घातली: सकाळी साडेसातच्या आत मिळावे, कारण मुकादम आठला येतो. आम्ही आजवर नऊ वाजता जात होतो; म्हणजे ज्यांना काम मिळाले, त्यांना आमची खिचडी कधी मिळालीच नव्हती.